‘मुंबईला’ हा शब्द ओळीत बसेना

माझी जीभ पुढे पळते आणि अक्कल मागनं लंगडत येते, असं माझी आई म्हणायची. लग्न होऊन रत्नागिरीजवळ, पावसच्या अलीकडच्या या गावात आले, आंबापोळीच्या धंद्याची वेबसाइट चालवायला लागले, आणि जिभेची जागा बोटांनी घेतली एवढंच. आता सांगतेय ते या बोटांनी करून ठेवलेलं आहे. आठवलं की अजून वहिनींकडे सरळ बघवत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. धंदा आम्हा दोघींचा. रायवळ आंब्याचा रस काढायचा, तुपाचा हात फिरवलेल्या ताटांत पसरायचा, घरापुढच्या खळ्यात उन्हाला ठेवायचा, एक थर वाळला की त्यावर दुसरा. आमच्याकडे त्याला साटं म्हणतात. वेबसाइटवर आंबापोळी लिहायचं, कारण पुण्याच्या माणसाला साटं म्हटलं की काहीतरी सांडलंय असं वाटतं. हाताची चव वहिनींची. फोटो, मजकूर, ऑर्डरी, कुरियर हे माझं. गिऱ्हाइकांचा फोन मात्र वहिनींकडे. मी फोनवर भांडते म्हणून माझ्याकडून तो काढून घेण्यात आला, आणि ते योग्यच झालं.

मोठे दीर मुंबईला. आधी शिमग्याला आणि गणपतीला यायचे, मग नुसते गणपतीला, मग तेही बंद झालं. तिकडे त्यांचं दुसरं काहीतरी आहे हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे, आणि आमच्या घरात त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. पूर्वी श्रावण लागला की वहिनी म्हणायच्या, यंदा हे येतील. हळूहळू ते म्हणणं थांबलं. मंगळसूत्र गळ्यात आहे, वटपौर्णिमा चालू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आम्ही सगळ्यांनी मिळून झाकून धरलेली.

आता वेबसाइट म्हटली की ‘आमची गोष्ट’ असं एक पान लागतं. मला कोणीतरी सांगितलं होतं की लोक आंबापोळी विकत घेत नाहीत, आंबापोळीमागचं माणूस विकत घेतात. मग मी वहिनींचा फोटो काढला. रस गाळताना, कपाळावर घाम, कुंकू पुसलेलं, मंगळसूत्र रसात लोंबू नये म्हणून पोलक्यात खोचलेलं. फोटो झकास आला. मी विचारलं नाही, आणि त्या काही बोलल्या नाहीत. खाली एक वाक्य लिहिलं: ‘पती मुंबईला गेल्यावर घर, बाग आणि चूल एकटीने सांभाळणाऱ्या आमच्या वहिनी.’ कॉम्प्युटरवर छान दिसत होतं. फोनवर बघितलं तर शेवटचा शब्द खाली एकटाच लोंबत होता. मला असलं अर्धवट काही खपत नाही. एक शब्द काढला की ओळी नीट बसतात, असं दिसलं. मी ‘मुंबईला’ काढला.

राहिलं काय ते मराठी माणसाला सांगायला नको. पती गेल्यावर. वर बाईचं मोकळं कपाळ, मोकळा गळा.

देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते साइटवर नाशिकच्या एका बाईंनी अभिप्राय लिहिला तेव्हा. एवढं दुःख गिळून उभ्या राहिलेल्या ताईंना नमस्कार, असं काहीतरी होतं. मी वाचलं आणि परत वर जाऊन माझी ओळ वाचली. नवऱ्याला दाखवलं. तो आधी हसला. ‘दादाचं तेरावं घातलंस की गो जिवंतपणी,’ म्हणाला. मग म्हणाला, बदल. मी म्हटलं, बदलते. पण त्याच सुमारास ऑर्डरी वाढल्या होत्या. लोक आपल्यासाठी मागवत होते, बहिणीसाठी मागवत होते, सोबत दोन शब्द वहिनींसाठी लिहीत होते. उद्या बदलू, परवा बदलू, हा हंगाम जाऊ दे. वहिनी काही साइट उघडून बघत नाहीत, त्यांना कुठे कळतंय, असं मी स्वतःला समजावलं. म्हणजे चूक बोटांची होती, पण ती ठेवली मी. दिराला मारलं आणि त्याच्यावर पोळ्या खपवल्या. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

हे असंच राहिलंही असतं. पण लंडनच्या मराठी मंडळींना माल पाठवणारा एक व्यापारी आम्हाला भेटला. त्याला पोळी आवडली, फोटो तर फारच आवडला. फक्त एक अट. त्याच्या दुकानावरून लोक आमच्या साइटवर येणार, तर साइट तिकडच्या नियमांत बसली पाहिजे. आलेल्या माणसाची कुठली माहिती घेता, कशाला घेता, कोणाला देता हे लिहा. कुकीसाठी परवानगी मागा. इकडेही आता तसा कायदा आलाय म्हणे. मला वाटलं, दोन ओळी चिकटवल्या की झालं. कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं पान उचलावं, नाव बदलावं, संपला विषय.

रत्नागिरीत मारुती मंदिराकडे वेबसाइट करून देणारी एक मुलगी आहे, माझ्याहून बरीच लहान. आमची साइट तिनेच उभी करून दिलेली. मजकूर मी परस्पर घालत आले. एसटीने तिच्याकडे गेले. तिने आमची साइट उघडलीन आणि मला दाखवलंन की माणूस आत पाय ठेवतो न ठेवतो तोच आम्ही त्याच्यामागे किती जण सोडलेत. जाहिरातवाला वेगळा, नकाशावाला वेगळा, कुठलं पान किती वेळ बघितलं ते मोजणारा वेगळा. हे सगळे त्या माणसाच्या फोनात आपली खूण ठेवून जातात, तीच कुकी. मी कपाळाला हात लावला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं लोकांना म्हणत आले, आणि माझंच दुकान वाकून बघत होतं.

मग ती परवानगीची पाटी. मला ‘हो’चं बटण हिरवं आणि ठसठशीत हवं होतं आणि ‘नको’चं बारीक, कोपऱ्यात, करड्या रंगात. ती म्हणाली, चालणार नाही. दोन्ही सारखी पाहिजेत. आधीच बरोबरची खूण करून ठेवायची नाही. माणूस गप्प बसला तर तो हो म्हणाला असं धरायचं नाही. आणि एकदा हो म्हणालेल्याला पुढे नको म्हणावंसं वाटलं, तर तेही हो म्हणण्याइतकंच सोपं हवं.

मला ते एकदम पटलं, आणि मी तिला शहाणपण शिकवलं. म्हटलं, आमच्या देवळात कौल लावतात तो असाच. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, प्रश्न घालतो, आणि पाकळी पडेपर्यंत माणसं हात जोडून ताटकळतात. न पडलेल्या पाकळीला होकार म्हणून कोणी घरी जात नाही. ती हसली. बरोबर आहे ताई, म्हणाली. मी फुगून बसले.

पाटीचा मराठी मजकूर मीच लिहिला आणि चांगला लिहिला. ‘तुम्ही हो म्हणालात तरच. नको म्हणालात तरी पोळी तेवढीच गोड.’ पुढे माणसाचे हक्क. तुमच्याबद्दल आमच्याकडे काय आहे ते विचारण्याचा, चुकीचं असेल तर दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला लावण्याचा. ते टाइप करताना माझी बोटं जराही अडखळली नाहीत, याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

सगळं झाल्यावर ती मुलगी एकेक पान तपासत ‘आमची गोष्ट’वर आली. फोटोतल्या बाईंची परवानगी घेतलीय ना, म्हणून विचारलंन. मी म्हटलं, घरचीच आहे ती. ती म्हणाली, घरच्या असल्या तरी विचारायला हवं. मग तिने खालची ओळ वाचलीन, आणि आवाज खाली आणून म्हणाली, कधी गेले हो?

‘मुंबईला गेलेत,’ मी म्हटलं.

तिने पडद्याकडे बघितलंन, मग माझ्याकडे, मग उगीचच पंखा वाढवायला उठली. तोंडात मारली असतीन तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तिच्यासमोर काही सुचेना, तेव्हा मी घाईघाईने म्हटलं की छापायची चूक आहे, आत्ताच्या आत्ता काढ. तिथेच बसून ओळ बदलून घेतली: ‘पती मुंबईला नोकरीस असून घर, बाग आणि चूल एकटीने सांभाळणाऱ्या आमच्या वहिनी.’ ओळी बसोत न बसोत. एसटीत बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. चूक झाली होती, दुरुस्त केली, नियमांत बसलो. मी घरी शेवचिवडा घेऊन गेले.

वहिनी खळ्यात ताटं उलटीपालटी करत होत्या. मी चहा टाकला, त्यांना पडवीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. शब्द कसा काढला, अर्थ कसा फिरला, मला कळूनही मी कशी गप्प राहिले, सगळं. रडले थोडी. आणि शेवटी फोन पुढे करून नवी ओळ दाखवली. बघा, केलं दुरुस्त. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शाबासकी हवी होती.

वहिनींनी फोन लांब धरून ओळ वाचली. सावकाश वाचतात त्या, ओठ हलवत. वाचून झाल्यावर फोन माझ्या हातात परत दिला आणि हाताला चिकटलेला रस पदराला पुसला.

‘मला केव्हाचं माहीत आहे ते,’ त्या म्हणाल्या. ‘त्या नाशिकच्या बाईंनी फोनवर वाचून दाखवलंनी.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी खाली मान घालून ऐकलं. पहिल्यांदा त्यांनी त्या बाईंना खरं सांगितलं होतं. नाही हो, आहेत ते, मुंबईला असतात. बाईंना बरं वाटलं, दहा वेळा माफी मागितलीनी, आणि मग विचारायला लागल्या. कुठे असतात, काय करतात, येऊनजाऊन असतात ना, तुम्हाला का नाही नेत. वहिनी म्हणाल्या, गणपतीला येतात. गणपती झाले आणि बाईंचा मुद्दाम फोन, आले होते का साहेब? त्या दिवशी वहिनींनी फोन कामात आहे म्हणून ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसल्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी हळहळत फोन केला, तेव्हा त्या नुसत्या गप्प राहिल्या. पलीकडचं माणूसही गप्प झालं. मग त्याने पोळीची चौकशी केलीन, तब्येतीला जपा म्हणालं, आणि झालं.

‘गेले म्हटलं की माणसं थांबतात गो,’ वहिनी म्हणाल्या. ‘आहेत म्हटलं की विचारत सुटतात.’

मी काहीतरी पुटपुटले. माफ करा, माझं चुकलं, असलंच. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

‘मी कोणाला गेले म्हणून सांगितलेलं नाही. ते पाप मी केलं नाही. लिहिलंस तू, मी नुसती गप्प राहिले. तेवढाच आडोसा होता मला. आज तोही काढलास.’ मग म्हणाल्या, ‘काढायचा तर काढ. पण विचारायचं होतंस.’

त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट. रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला तेवढं येतं. त्या उठल्या आणि परत ताटांकडे गेल्या. माझा चहा तिथेच गार झाला. लंडनमधल्या कोण कुठल्या माणसाला, ज्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही, त्याला मी दोन सारखी बटणं देऊन विचारत होते की बाबा, चालेल का तुला. आणि जिच्या हाताची पोळी, जिच्या ताटातलं मी इतकी वर्षं जेवतेय, तिला एकदा विधवा केली आणि एकदा सवाष्ण केली, दोन्ही वेळा न विचारता. आणि वर त्या मुलीला कौल शिकवून आले होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वहिनी काही म्हणाली नाही ना, मग राहू दे. मी त्याच्यावर एवढी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. ती ओरड खरं तर माझ्यावरचीच होती, पण सापडला तो.

त्यानंतर बरेच दिवस मी वहिनींना सामोरी जाईना. एरवी माझी दिवसभर टकळी चालू, ती बंद. जेवायला वाढताना त्यांनीच एकदा म्हटलं, मौन घेतलंयस का गो. शेवटी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्या फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मीही एक मूठ घेतली. म्हटलं, वहिनी, आता विचारते. ते पान तुमचं आहे. काय लिहू? पहिलं होतं तसं ठेव म्हणालात तर तसं ठेवते, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

त्या बराच वेळ सोलत राहिल्या. मी पाकळी पडायची वाट बघावी तशी बघत बसले. मध्ये बोलायचं नाही हे मला फार जड गेलं.

‘माझं काही लिहू नको,’ त्या म्हणाल्या. ‘फोटोपण काढ. आंब्याचं लिही. रायवळ कुठला, ऊन किती लागतं, तूप कुणाचं. ते लोकांनी कितीही विचारलं तरी सांगता येतं मला.’

त्याच संध्याकाळी मी ते पान पुसलं. व्यापाऱ्याला कळलं तेव्हा तो हिरमुसला. बाईचा चेहरा हेच तर खरं आकर्षण होतं, म्हणाला, पाठमोरा तरी ठेवा, नुसते हात तरी ठेवा. मी म्हटलं, त्या नको म्हणाल्यात. तो म्हणाला, समजावून बघा ना. मी म्हटलं, तुमच्याच नियमात लिहिलंय, नको म्हणजे नको. एवढं एक वाक्य या सगळ्या प्रकरणात मी बरोबर बोलले असेन. त्याने माल घेतलान, पण कमी. घेऊ दे.

आता त्या पानावर आमच्या कातळावरचं जुनं रायवळ झाड आहे आणि खाली साटं कशी घालतात ते. ‘साटं’ असंच लिहिलंय. पुण्याच्या माणसाला नाही कळलं तर त्याने फोन करावा.

आणि फोन आलाच. या हंगामात, भर दुपारी, वहिनी रसात कोपरापर्यंत, म्हणून फोन मी उचलला. नाशिकच्या बाई होत्या. माझा आवाज ओळखीचा नाही म्हटल्यावर त्या बिचकल्या. मग चाचरत म्हणाल्या, अहो, साइटवर ताईंचा फोटो दिसला नाही, नावनिशाणी काही नाही, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. ‘गेल्या का हो त्या?’

तोच शब्द, एवढा लांबून फिरून माझ्याच कानात आला होता. आहेत हो, ठणठणीत आहेत, असं माझ्या जिभेवर आलेलंसुद्धा होतं. मी जीभ चावली. फोनवर हात ठेवला आणि खळ्यात गेले.

‘वहिनी, नाशिकच्या बाई आहेत. तुम्ही गेलात का विचारतायत. काय सांगू?’

वहिनींनी हातातली कोय टोपलीत टाकली. उन्हाने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

‘सांग, आहे,’ त्या म्हणाल्या.

‘आहेत,’ मी फोनवर सांगितलं. पलीकडून बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच विचारायला लागल्या, मग कशा आहेत, फोटो का काढला, त्यांच्या घरचे…

मी फोन वहिनींच्या कानाला लावून धरला, त्यांचे हात भरलेले होते म्हणून. काय बोलल्या ते मी सांगणार नाही.